परतीची पेटी

स्टेफाने हातमोजे घातलेले दोन्ही हात निळ्या गाडीच्या बॉनेटवर आपटले आणि तिथेच रोवून ठेवले. गाडी थांबली. काच काही खाली आली नाही.

मागे बाकीच्यांनी पाट्या खांद्यावर घेऊन फाटकासमोर फेरा धरला. संपाचा रिवाजच होता तो. आत जाणारी प्रत्येक गाडी थांबवायची, सगळ्यांचा एक फेरा पुरा होईपर्यंत धरून ठेवायची, चालवणाऱ्याच्या हातात मागण्यांचा कागद द्यायचा आणि सोडायची. शिवी द्यायची नाही, गाडीला हात लावायचा नाही. पिंपातल्या शेकोटीजवळ उभं राहून पहिल्याच सकाळी सगळ्यांना हा दम दिला होता तो स्टेफानेच.

"मुकादमीणबाई, हात," डेल्बर्ट हळूच म्हणाला.

"माझेच आहेत. कुठे ठेवलेत ते माहीत आहे मला."

डेल्बर्ट ग्रंथालयाची टपालगाडी चालवायचा. त्याने वाकून गाडीत कोण आहे ते पाहिलं, टोपी कानांवर ओढली आणि गुपचूप फेऱ्यात जाऊन मिसळला. आत ओरिसिया होती. स्टेफाची एकुलती एक मुलगी.

काच अर्धी खाली आली.

"आई, हात काढ. सगळे बघतायत."

"बघू देत की. मी थोडीच लपून उभी आहे? लपून तू चाललीस, काच चढवून."

"मला जावंच लागतं. आमचा करार वेगळा आहे. ग्रंथपाल प्राध्यापकांच्या संघटनेत येतात, आम्हाला संपावर जायची परवानगीच नाही. शंभरदा सांगितलं तुला."

"ठाऊक आहे. तुम्ही शाई, आम्ही ती पुसायचं फडकं."

"असं मी कधी म्हटलं?"

"म्हणायला कशाला हवं? गाडीत बसून चाललीस त्यातच आलं ते." स्टेफा बॉनेटवरून आणखी पुढे झुकली. "एवढंच सांग. आज माझ्या खुर्चीत बसणार आहेस का?"

ओरिसिया समोरच्या वायपरकडे बघत राहिली. मग तिने हात बाहेर काढला.

"कागद दे. नियम आहे ना तुमचा."

स्टेफाने कागद तिच्या तळहातावर दाबला.

"घे. नीट वाच. वाचायचाच पगार मिळतो तुला."

फेरा पुरा झाला होता. डेल्बर्ट खाकरला. स्टेफाने हात उचलले तसे बर्फ वितळायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पांढुरक्या पडलेल्या बॉनेटवर तिच्या दोन्ही पंज्यांचे निळे ठसे उमटलेले दिसले. ते ठसे घेऊन गाडी आत गेली.

*

विद्यापीठाने ग्रंथालयातलं देवघेवीचं काउंटर बाहेरच्या कंपनीला द्यायचं ठरवलं होतं. उन्हाळ्यापासून तिथे यंत्रं येणार होती, आणि यंत्रांशेजारी उभी राहायला कंत्राटी पोरं. काउंटरवरच्या बायकांना 'इतरत्र सामावून घेण्याचा प्रयत्न' होणार होता. त्या प्रयत्नाचा अर्थ कळायला कुणालाही कोश उघडावा लागला नाही. सगळ्या नोकरवर्गाने संप पुकारला, त्यालाही आता दुसरा आठवडा लागला होता.

स्टेफा त्या काउंटरवर बसायला लागली तेव्हा ओरिसियाचे दुधाचे दात पडत होते. स्वतः स्टेफाची शाळा आठवीतच सुटलेली. बापाच्या गव्हाच्या शेतावर तेव्हा माणूस कमी होतं आणि घरात पोरी जास्त. पण विद्यापीठातल्या नोकरांच्या मुलांना फी माफ असायची. त्या माफीवर ओरिसिया शिकली, पुढे ग्रंथपाल झाली आणि फिरून त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर आली. स्टेफा खाली काउंटरवर, लेक वर कचेरीत. कुणी विचारलं तर स्टेफा म्हणायची, "माझ्या डोक्यावर बसते ती. लहानपणापासूनच सवय आहे."

संप सुरू झाला तशी ग्रंथालयाचे डीन हॅलोरन यांनी ग्रंथपालांना सूचना पाठवली. काउंटरवर पाळीपाळीने बसावं, आणि मागच्या भिंतीतली परतीची पेटी रिकामी करत राहावं. वाचक पुस्तकं त्या पेटीच्या फटीतून आत सोडतात. ती रोज उपसून पुस्तकं मांडणीला लावणं हे काउंटरवरच्या बायकांचं काम.

ग्रंथपालांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्यांनी चर्चा सुरू केली.

देशभरातल्या ग्रंथपालांचा एक चर्चागट होता. एकाने ईमेल लिहायची, ती सगळ्यांना जायची, आणि मग ज्याला त्याला मत फुटायचं. ओरिसियाने तिथे सरळ प्रश्न टाकला होता: नोकरवर्ग संपावर असताना ग्रंथपालाने त्यांचं काम करावं का? रविवारी दुपारी आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती आलेली उत्तरं वाचत होती. समोर स्टेफा पेरोगी भरत होती. बटाट्याचं सारण, त्यावर पारी दुमडून कड चिमटीत दाबायची.

"काय म्हणतायत तुझे पंडित?"

"एक जण म्हणतो, 'काम' या शब्दाची व्याख्या आधी ठरवू या."

"बरं. मग?"

"दुसरी म्हणते, आपली निष्ठा वाचकाशी आहे. त्यावर तिसरा म्हणतो, वाचकाशी म्हणजे कुठल्या वाचकाशी."

"पुढे?"

"एकाचं उत्तर आपोआप आलंय. तो सोमवारपर्यंत रजेवर आहे."

"त्यातल्या त्यात तोच शहाणा दिसतो."

"आणि एक बाई म्हणते, मला या गटातून काढा. ती रोज म्हणते."

"मग काढत का नाहीत बिचारीला?"

"कुणी काढायचं यावर चर्चा चालू आहे."

एरवी स्टेफा पोट धरून हसली असती. त्या दिवशी तिने कणकेचा गोळा ओट्यावर असा आपटला की भिंतीवरचा चमचा खाली पडला.

"घराला आग लागली ना, तरी तुम्ही लोक आधी बादलीची व्याख्या कराल! तुला विचारायला परकी माणसं लागतात? आईच्या खुर्चीत बसू का, हे देशभर विचारत फिरतेस? मी इथे समोर आहे. मला विचार."

"तुझं उत्तर मला माहीत आहे."

"मग?"

"मग माझं उत्तर मला शोधू दे." ओरिसियाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वसंतात माझी नोकरी कायम व्हायची आहे, आई. हॅलोरनची सही लागते त्याला. नाही झाली तर मला दुसऱ्या प्रांतात काम शोधावं लागेल. हेही तू धरशील की नाही हिशेबात?"

"धरलं. एका सहीला एक खुर्ची. स्वस्तात पटला सौदा."

ओरिसियाने संगणकाचं झाकण मिटलं. कोट घातला. पाण्यात सोडलेल्या पेरोगी वर तरंगून आल्या तेव्हा त्या खायला घरात दुसरं कुणी नव्हतं. स्टेफाने त्या गाळल्या, गार केल्या आणि एकही तोंडात न टाकता फ्रीजरमध्ये ढकलून दिल्या. मग रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "बस चर्चा करत."

*

गाडी अडवली त्याच दिवशी दुपारी स्टेफाच्या टोळीची पाळी मागच्या गल्लीत लागली. तिथला पदपथ शहराचा, त्यावर कुणीही उभं राहावं. पदपथाच्या कडेपलीकडे विद्यापीठाची जमीन, तिथे संपातल्या माणसाने पाय ठेवायचा नाही. युनियनच्या वकिलाने हे इतक्यांदा बजावलं होतं की लोक कडेवरून चालतानाही पावलं आत वळवायचे.

मार्चचा ओला, जड बर्फ पडत होता. अंगाला चिकटणारा. आणि समोर, कडेपलीकडे हाक मारण्याच्या अंतरावर, ग्रंथालयाच्या भिंतीत परतीच्या पेटीचं पोलादी झाकण उघडं वासून अडकलं होतं. पेटी कधीच भरली होती. तरी येणारा आपलं पुस्तक तिथेच ठेवून जात होता. आधी फटीत कोंबलेली, मग झाकणावर रचलेली, मग खाली जमिनीवर. त्या ढिगाऱ्यावर बर्फ साचत होता.

स्टेफा एक फेरा मान वळवून चालली. दुसऱ्यात तिला ते जमलं नाही.

"बघू नकोस तिकडे," मागून डेल्बर्ट म्हणाला.

"कोण बघतंय?"

"मग ते लाल, जाडं कुठलं आहे सांग."

"आपल्याकडच्या रानगवतांचं. दोनदा पाठ बसवलीय मी त्याची. त्या मेल्याला वरच ठेवायला मिळालं, जरा मिटून तरी—" ती थांबली.

"बघत नव्हतीस तर."

"गप रे. चाल पुढे."

मागचं दार उघडलं. आधी हॅलोरन बाहेर आले, पातळ तळव्याचे बूट जपून टाकत. त्यांच्यामागून ओरिसिया. अंगात नुसता स्वेटर. कोट नव्हता.

स्टेफाचा चेहरा दगडासारखा झाला. आली, ती मनात म्हणाली. पेटी उपसायला आली, माझ्या डोळ्यांदेखत. तिने पाटीचा दांडा असा धरला की हातमोज्याचं कातडं करकरलं.

"बघा," हॅलोरन म्हणाले. गल्ली अरुंद होती, शब्द न् शब्द ऐकू येत होता. "ग्रंथपाल ना तुम्ही? बघवतं तुम्हाला हे?"

"नाही बघवत."

"मग उचला. ढकलगाडी दाराशीच आहे. दहा मिनिटांचं काम."

"माझं नाही ते."

"ओरिसिया, पुस्तकांना कळतं का कुणाचं काम ते?"

"त्यांना नाही कळत. मला कळतं. ज्यांचं काम आहे ते तिकडे उभे आहेत. तुम्ही बोलणी करायला बसा, आत्ता येतील. पेटी रिकामी करून, पुसून देतील वर."

स्टेफा चालता चालता थबकली. मागचा डेल्बर्ट तिच्यावर आदळला आणि त्याची पाटी तिच्या पाठीत बसली.

"सकाळपासून काउंटरवर कुणी बसलेलं नाही," हॅलोरन म्हणाले. "मला वाटलं, तुमची चर्चा चालू आहे अजून."

"संपली."

"आणि वसंतात तुमचा विषय माझ्यापुढे यायचाय. लक्षात आहे ना?"

"आहे."

"मग ते लक्षात ठेवून बोलत चला."

"ते लक्षात ठेवूनच बोलतेय."

हॅलोरननी पदपथाकडे नजर टाकली. पाट्या, टोप्या, आणि त्या सगळ्यांत पुढे स्टेफा. ते ओठातल्या ओठात हसले.

"घरचं शिक्षण दिसतंय."

"घरी माझ्याशी कुणी बोलत नाहीये सध्या," ओरिसिया म्हणाली.

ते आत गेले. दार आपोआप लागलं. ओरिसिया बाहेरच राहिली, हात काखेत घालून, ढिगाऱ्याशेजारी. तिच्या केसांवर बर्फ बसायला लागला, तरी तिने तो झटकला नाही.

रविवारपासून खाऊपिऊ घालून पोसलेला स्टेफाचा राग एकाएकी बेवारशी झाला. तिने तो हॅलोरनवर धाडला, तर ते दाराआड गेलेले. बर्फावर धाडला, बर्फ काही ऐकेना. मग तिची नजर त्या लाल पुस्तकावर गेली. कुणीतरी ते उघडंच पालथं टाकलं होतं, बैलगाडीच्या जुवासारखं, आणि खालच्या ओल्या बर्फाचं पाणी पानांत चढत होतं.

"स्टेफा," डेल्बर्ट म्हणाला, "कडेच्या आत. स्टेफा!"

ती केव्हाच पलीकडे गेली होती. डोकं मागेच राहिलं आणि पाय पुढे गेले; इतकी वर्षं झाकण उघडं दिसलं की पाय तसेच जात आले होते. तिने पुस्तक उचललं, मिटलं, उलटं धरून झटकलं आणि कोटाची बाही त्याच्या पाठीवरून फिरवायला घेतली.

"ठेव ते," ओरिसिया म्हणाली.

"भिजतंय."

"दिसतंय मला."

"मधली पानं कोरडी आहेत अजून. एवढं एकच. शेकोटीजवळ धरते, बाकीची राहू देत—"

"आई, खाली ठेव."

"अगं, तुझ्या अंगात आलंय काय? पुस्तकं आहेत ती! फुगतील, बुरशी धरेल. त्यांनी कुणाचं काय घोडं मारलंय?"

"वर बघू नकोस. खिडकीत उभे आहेत ते." ओरिसियाचा आवाज चढला नाही, तो दातांतून आला. "तू एक उचललंस ना, की उद्या बोलण्यांच्या टेबलावर सांगतील ते. बघा, संपातल्या बायका फुकटात येऊन करून जातात, पगार कशाला मागतायत? मी आत सगळ्यांपुढे नाही म्हणून आले. माझ्या मागे आणखी चार जण नाही म्हणाले. आणि इथे येऊन तू उचलतेस? तू?"

हा आवाज स्टेफाच्या ओळखीचा होता. त्या घरात आजवर एकाच बाईने तो वापरला होता, आणि समोर उभं राहून तो ऐकायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती.

"हे त्या चर्चागटाने शिकवलं?" तिने विचारलं.

"एकीने. पूर्वेकडच्या कुठल्यातरी बंदरगावातली निवृत्त बाई आहे. काल लिहिलं तिने. दुसऱ्याच्या कामाला हात लावू नका, बाकीची चर्चा मागाहून करा."

"एवढ्या सगळ्या चर्चेतून एवढंच निघालं?"

"एवढंच."

"मग सकाळी गाडीत दातखीळ बसली होती का तुझी? विचारलं होतं मी."

"सकाळी ठरलं नव्हतं माझं." ओरिसियाने पहिल्यांदाच नजर चुकवली. "काउंटरपर्यंत गेले होते मी, आई. बसायलाच गेले होते. तुझ्या खुर्चीवर ती उशी होती, तू विणलेली. हॅलोरननी ती दोन बोटांनी उचलली आणि खाली टाकली. कचऱ्याच्या डब्याशेजारी. मला म्हणाले, या, बसा."

"माझी उशी?"

"हो."

"दोन बोटांनी?"

"हो."

तिने हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. बाहीने पुसलेल्या जागेवर कापड अजून गडद लाल, जवळजवळ कोरडं होतं. पाठीवर तिनेच बसवलेली पट्टी एका टोकाला सुटायला लागली होती. तिने ती अंगठ्याने दाबली. ओरिसियाची नजर त्या अंगठ्यावर आली, तसा तिने तो उचलला.

मग ती वाकली आणि पुस्तक ढिगाऱ्यावर जिथे होतं तिथेच ठेवलं. फक्त मिटून ठेवलं.

"मिटवणंही कामच आहे," ओरिसिया म्हणाली.

"ओरिसिया, तोंड सांभाळ. आई आहे मी तुझी."

"माहीत आहे."

दोघी कडेवर आल्या. स्टेफा आधी पदपथावर चढली. ओरिसिया खालीच उभी राहिली, वर घड्याळ असल्यासारखं भिंतीकडे बघत.

"जेवणाची सुट्टी आहे माझी," ती म्हणाली. "सुट्टीत मी कुठे उभं राहावं, हे कुठल्याच करारात लिहिलेलं नाही. शोधलं मी."

"कोट कुठाय?"

"आत. आता आणायला गेले तर पुन्हा बाहेर येववणार नाही मला."

"मर मग थंडीने," स्टेफा म्हणाली आणि वारा येत होता त्या अंगाला जाऊन उभी राहिली. ओरिसिया तिच्या आडोशाला पदपथावर चढली. डेल्बर्टने आपली पाटी तिच्या हातात दिली आणि स्वतः रिकाम्या हाताने फेऱ्यात चालू लागला.

वरच्या मजल्यावरच्या खिडकीत दिवा होता. स्टेफाने तिकडे पाहिलं नाही. ती परतीच्या पेटीकडे बघत होती. लाल कापडावरची सोनेरी अक्षरं एकेक करून बर्फाखाली बुजत चालली होती. पट्टीचं सुटलेलं टोक वाऱ्याने उचललं, खाली बसलं, परत उचललं.

तिने दोन्ही हात कोटाच्या खिशांत कोंबले, आणि ते बाहेर येऊ नयेत म्हणून आत मुठी आवळून धरल्या.